बाजूच्या मागाचा ठोका

प्रश्न : ताई, मी भिवापूरची. नागपुरात मानेवाड्याला खोली करून राहते अन् राज्यसेवेची तयारी करते. जूनपासून खोलीजवळच्या एका अभ्यासिकेत जाते, महिन्याचे हजार रुपये पडतात. माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक दादा बसतात. आमचं बोलणं जवळपास नाहीच. ते टेबलावर घड्याळ ठेवून सकाळपासून पेपर सोडवतात, मान वर करत नाहीत. त्यांच्या बाजूला बसायला लागल्यापासून माझी बैठक तीन तासांवरून सात तासांवर गेली. दिवाळीत ते आठ दिवस गावी गेले आणि त्या खुर्चीवर एक मुलगी आली. ती दर पाच मिनिटांनी मोबाईल बघायची. त्या आठवड्यात माझं एक पान धड झालं नाही, अन् माझा मोबाईल तर मी बॅगेतच ठेवते! दादा आले, बैठकही परत आली. पण आता मी अर्थशास्त्र नव्याने सुरू केलंय आणि त्यांच्या बाजूला बसून ते डोक्यात शिरतच नाही. एक पान चार-चारदा वाचते. त्यांनी पान उलटलं की माझ्या पोटात गोळा येतो. संध्याकाळी डोकं ठणकतं. मैत्रीण म्हणते, तुझ्यात स्वतःची इच्छाशक्तीच नाही, दुसऱ्याच्या भरवशावर अभ्यास करतेस. आई म्हणते, घरी येऊन जा, हजार रुपये वाचतील. मी जागा बदलू का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पत्र म्हणून, दुसऱ्यांदा मानसशास्त्राची मास्तरीण म्हणून. आम्ही वर्गात एका तासात शिकवायचो ते सगळं तू आठ-दहा ओळींत लिहून पाठवलंयस, आणि तेही स्वतःवर नीट लक्ष ठेवून. दिवाळीतला तो आठवडा तू टिपून ठेवलास, हे मला फार आवडलं. कारण उत्तर त्या आठवड्यातच आहे.

मैत्रिणीचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. तुझ्यात इच्छाशक्ती कमी असती तर तू रोज सकाळी मानेवाड्याच्या धुळीतून तिथवर गेलीच नसतीस. बाजूच्या माणसाची एकाग्रता आपल्याला लागते, ही खरी गोष्ट आहे आणि ती मोजली गेली आहे. ब्रुसेल्समध्ये कोबे देसेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१६ साली छापून आला. दोन माणसं शेजारी शेजारी कॉम्प्युटरसमोर बसवली. पडद्यावर रंगीत आकार उमटायचे, रंग पाहून बटण दाबायचं. आकार डावीकडे उमटतो की उजवीकडे, याकडे लक्ष द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण डाव्या बाजूला काही दिसलं की हात आपोआप डाव्या बटणाकडे धावतो आणि त्याला आवरावं लागतं. ते आवरणं म्हणजेच डोक्याचे कष्ट. मग दोघांपैकी एकाचंच काम अवघड केलं. त्याने जास्त लक्ष लावलं, हे साहजिक आहे. पण ज्याचं काम तसंच होतं, त्यानेही जास्त लक्ष लावलं. पुढच्या प्रयोगात शेजाऱ्याच्या वाट्याला काय आलंय हे दिसू नये अशी आड लावली. तरीही कष्ट एकाकडून दुसऱ्याकडे गेलेच.

आड लावूनही कसे गेले? त्या संशोधकांचा रोख शरीराकडे आहे. लक्ष लावून बसलेल्या माणसाची बैठकच वेगळी असते. मान, खांदे, पाठ सगळं ताठ होतं, आणि ते आपल्याला डोळ्यांच्या कडेतूनही कळतं. डोक्याचे कष्ट अंगावर उमटतात, याचा पुरावा तर फार जुना आहे. डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ साली माणसांना आकडे ऐकवून लक्षात ठेवायला सांगितले. आकडे वाढत गेले तशी डोळ्यांची बाहुली मोठी होत गेली, आणि आकडे परत म्हणून दाखवताना ती पुन्हा लहान झाली. डोक्यावरचं ओझं डोळ्यात दिसतं. तुझे दादा तोंडातून शब्द काढत नसतील, पण त्यांचं शरीर दिवसभर तुझ्याशी बोलतंय. त्या मोबाईलवाल्या मुलीचंही बोलत होतं. तुझा मोबाईल बॅगेत असूनही तुझं मन तिच्या मोबाईलबरोबर उठून जात होतं.

हे मला पुस्तकाच्या आधी घरात कळलं होतं. माझं माहेर गोळीबार चौकाजवळचं, विणकरांच्या गल्लीतलं. आमच्या घरी एका लांब खोलीत दोन खड्ड्याचे माग होते, एक वडिलांचा, एक काकांचा, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. आम्ही पोरं शाळेतून आलो की कांड्या भरायला बसायचो. दोन्ही मागांची खटखट सुरुवातीला वेगवेगळी असायची. अर्ध्या तासात ती कधी एकमेकींत मिसळायची ते कळायचं नाही. दोघं एकमेकांकडे बघतही नसत, नजर आपापल्या धाग्यावर असायची. काका लग्नाकार्याला उमरेडला गेले की वडील तेवढाच वेळ बसायचे, पण संध्याकाळी पट्टी लावली की कापड कमी भरायचं. ते म्हणायचे, "बाजूचा माग बंद पडला का आपलेबी हात जड होते." मैत्रिणीला हे सांग. चाळीस वर्षं माग चालवणाऱ्या माणसाची इच्छाशक्ती कमी होती असं ती म्हणेल का?

आता अर्थशास्त्राकडे येऊ. तुझ्या पत्रातला अवघड भाग हा आहे, आणि जागा बदलायची की नाही हे इथेच ठरतं.

या विषयावरचे सगळ्यात जुने प्रयोग नॉर्मन ट्रिपलेट यांचे, १८९८ सालचे, अमेरिकेतल्या इंडियानाचे. सायकलच्या शर्यतींच्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आलं की एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारणाऱ्यापेक्षा दुसऱ्यासोबत मारणारा वेगवान असतो. मग त्यांनी मुलांना मासे पकडायच्या गळाची चरखी फिरवायला लावली, कधी एकटं, कधी जोडीने. हा प्रयोग सांगताना बहुतेक जण "जोडीने मुलं वेगाने फिरवतात" एवढंच सांगून थांबतात. मी कधी थांबले नाही. चाळीस मुलांपैकी वीस मुलं जोडीने वेगवान झाली. दहांच्या वेगात फारसा फरक पडला नाही. आणि दहा मुलं जोडीदार आल्यावर मंदावली. ट्रिपलेट यांनी लिहून ठेवलंय की ही मुलं जिंकायच्या धडपडीत इतकी उतावीळ झाली की हाताचा ताबाच गेला. ती दहा मुलं माझ्या प्रत्येक वर्गात होती. अर्थशास्त्राच्या पानावर तू त्यांच्यातली आहेस, आणि प्रश्नपत्रिका सोडवताना त्या वीसांतली.

एकच मुलगी दोन्ही गटांत कशी? याचं उत्तर मिळायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. तोवर काही प्रयोगांत माणसं सोबतीने सुधारत, काहींत बिघडत, आणि कोणालाच मेळ लागत नव्हता. १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी तो लावला. दुसरं कोणी जवळ असलं की शरीर जरा जागं होतं, रक्त जरा जोरात फिरतं, आणि अशा वेळी माणूस जे अंगवळणी पडलंय तेच आधी करतो. काम येत असेल तर अंगवळणी पडलेलं उत्तर बहुधा बरोबर असतं, म्हणून काम सुधारतं. काम नवं असेल तर हाताशी येणारं पहिलं उत्तर बहुधा चुकीचं असतं, म्हणून ते बिघडतं. झायन्स यांनी पुढे १९६९ साली हे झुरळांवर करून दाखवलं! उजेड दिसला की झुरळ अंधाराकडे पळतं. सरळ वाटेवर, बाजूला दुसरी झुरळं बघत असताना ते लवकर पोचलं. वाटेत वळण घ्यावं लागलं तेव्हा त्याच प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागला. झुरळाला लाज नसते, निकालाची भीती नसते, लोक काय म्हणतील हा विचार नसतो. तरीही असं झालं. म्हणून पान चार-चारदा वाचावं लागतं याची लाज वाटून घेऊ नकोस.

अर्थशास्त्र तुझ्यासाठी अजून ती वळणाची वाट आहे. पैशाचा पुरवठा, राजकोषीय तूट, रेपो दर, यातला एकेक शब्द अजून सुटा आहे, एकाला धरलं की दुसरा निसटतो. अशा वेळी मनाला थांबायला, मागे जायला, चुकायला, वहीवर वेड्यावाकड्या रेघा मारायला मोकळीक लागते. आणि तुझं शरीर मात्र बाजूच्या घड्याळावर चाललंय. ते सराव करतायत, तू शिकतेयस. त्यांनी पान उलटणं हा त्यांच्या कामाचा ठोका आहे, तुझ्या कामाचा नाही. अंबाझरीला फिरताना भरभर चालणाऱ्याच्या सोबतीने आपण नकळत भरभर चालतो, आणि घरी आल्यावर पिंढऱ्या दुखतात तेव्हा कळतं. संध्याकाळचं तुझं डोकं ठणकणं मला तसंच वाटतं.

माझे वडील यासाठी काय करायचे ते सांगते. साडीचं अंग विणायचं असलं की काकांच्या बाजूला बसायचे, दोन्ही माग एका तालात. पण पदर आला, काठावर नवी नक्षी आली, की पहाटे चारला एकटे उठायचे. आम्ही पोरं जागी झालो तर म्हणायचे, "पदर चालू हाय रे पोट्टेहो, बाहेर खेळा." काकाही त्या वेळी आपला माग सुरू करत नसत. त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यांना ठाऊक होतं. दोन-तीन साड्या झाल्या, नक्षी हातात बसली, की तोच पदर दुपारी काकांच्या बाजूला बसून विणायचे, आणि तेव्हा तो पहाटेपेक्षा लवकर उतरायचा.

तूही तसंच कर. जागा सोडू नकोस, कामं वाटून घे. अर्थशास्त्राचा नवा धडा पहाटे खोलीवर, एकटीने. दीड-दोन तास पुरे, आणि त्या वेळात पानं मोजायची नाहीत. समजलं ते आपल्या शब्दांत भिंतीला सांगायचं. मोठ्याने सांग, भिवापूरच्या बोलीत सांग. "सरकारनं कमावल्यापेक्षा जास्त खर्चलं, मंग उधारी काढा लागली," असं एकदा तोंडाने नीट म्हणता आलं की राजकोषीय तूट हाताला लागली. मग अभ्यासिकेत जाऊन दादांच्या बाजूला जुने पेपर, इतिहास-राज्यघटनेची उजळणी, आधी वाचलेल्या विषयांवर उत्तरं लिहायचा सराव. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तास न् तास लिहायची सवय लागणार आहे, आणि ती सवय लावायला तुझ्या बाजूला चांगला माग चालू आहे. तीन-चार आठवड्यांनी अर्थशास्त्राचे धडे सरळ वाट होतील, तेव्हा तेही तिथे ने.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलर नसलेल्या खोलीत दुपारी बसवत नाही, हे मी नागपुरात जन्म काढून सांगते. तेव्हा नवा धडा दुपारी अभ्यासिकेतच करावा लागला तर भिंतीकडे तोंड असलेली कोपऱ्याची खुर्ची त्या दोन तासांपुरती माग. खुर्ची मागताना कारण सांगायची गरज नाही.

खुर्चीवरून आठवलं, कोण कुठे बसतं याला महत्त्व आहे. अलेक्झांडर मास आणि एन्रिको मोरेट्टी या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केट साखळीच्या काउंटरवर बिलं करणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हाताने जलद असलेला सहकारी पाळीवर आला की बाकीचेही जलद व्हायचे. पण ज्यांच्याकडे त्या जलद माणसाची नजर जाऊ शकत होती, तेच. ज्यांना तो दिसत होता पण ज्यांच्याकडे त्याची पाठ होती, त्यांच्यात फरक पडला नाही. हे ब्रुसेल्सच्या प्रयोगापेक्षा वेगळं आहे आणि मला दोन्ही खरे वाटतात. एक ओढ शेजाऱ्याच्या लक्ष लावण्याची असते, दुसरी शेजाऱ्याच्या नजरेची. पहिली तुझ्या कामाची आहे. दुसरी नव्या धड्याच्या वेळी नको. तुझी वही त्यांना दिसेल अशी ठेवली असेल तर जरा आपल्या बाजूला ओढून घे. पोटातला गोळा अर्धा तिथेच विरघळेल असा माझा अंदाज आहे.

मैत्रिणींनी मिळून अभ्यास करायचा विषय कधी निघालाच तर एवढं लक्षात ठेव : सगळ्यांचं मिळून एकच काम असलं की प्रत्येकाचा हात सैल पडतो. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढणाऱ्यांवर हे मोजलं होतं, माणसं वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटला. चौघींनी मिळून एक नोट्स काढू नका. चौघी एका टेबलावर बसा, आपापली वही घेऊन.

आणि आईला सांग, हजार रुपये खुर्चीचे नाहीत, बाजूच्या मागाचे आहेत. त्यांना हे पटेल. भिवापूरला मिरची खुडायला बाया एकट्या जात नाहीत, ओळीने जातात, आणि ओळीत हात कसा चालतो हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. एक गोष्ट मात्र मी मनापासून मागते. त्या दादांना तू त्यांच्या नकळत आठ महिने खेचत नेतेयस, हेही शक्य आहे. ओढ दोन्हीकडून असते. परीक्षा झाली की त्यांना एकदा चहा पाज.

प्रश्न : ताई, आमचा मुलगा दहावीला आहे. रात्री ऑफिसातून आलो की मी त्याच्या बाजूला बसून गणित करून घेतो. मी बसलो की तो साधी वजाबाकीसुद्धा चुकतो. उठून गेलो की गणित सोडून खिडकीबाहेर बघत बसतो. बसू की उठू?
— एक वडील, नंदनवन

उत्तर : बसा, पण त्याच्या वहीकडे बघू नका.

तुम्ही बसता ते काम करायला नाही, तपासायला. मुलाच्या लेखी दोन्ही एक नाहीत. १९६८ साली निकोलस कॉट्रेल आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली : प्रयोगातल्या माणसाजवळ दुसरी माणसं बसवली, पण डोळ्यांवर पट्टी बांधून. प्रेक्षक असण्याचा जो परिणाम एरवी दिसतो, तो पट्टी बांधल्यावर दिसला नाही. त्यांच्या मते ओझं सोबतीचं नसतं, पारखलं जाण्याचं असतं. वरच्या उत्तरातल्या झुरळांना हे काही पूर्ण लागू पडत नाही, आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहेच. पण दहावीतल्या मुलाला ते लागू पडतं, हे मी पंचवीस वर्षं पालकांना सांगत आले आहे.

१९८२ सालचा आणखी एक प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटतो. पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावर खेळणाऱ्यांना आधी गुपचूप पाहिलं, मग चार माणसं त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली. चांगले खेळाडू १०० पैकी ७१ चेंडू अचूक मारत होते ते ८० वर गेले. कच्चे खेळाडू ३६ वरून २५ वर आले. तुमचा मुलगा नव्या प्रकरणात कच्चा आहे, आणि तुम्ही एकटेच चौघांएवढे उभे आहात.

म्हणून ऑफिसातलं काही काम घरी आणा. नसेल तर विजेची बिलं लावा, घरखर्चाची वही लिहा, पण ते खरं काम असू द्या आणि त्यात खरंच लक्ष लावा. मुलाला खोटं लक्ष लगेच कळतं. वर्तमानपत्र चाळत बसू नका, तुम्ही पान उलटाल तसा तो खिडकीकडे वळेल. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबल एकच असू द्या, पण तुमची नजर तुमच्या वहीत. तो विचारेल तेवढंच सांगा, आणि तेव्हाही पेन त्याच्याच हातात राहू द्या.

नवं प्रकरण ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवशी अर्धा तास त्याला एकटं सोडा. चुकू द्या, खोडू द्या, पान फाडलं तरी फाडू द्या. त्या वेळात तुम्ही खाली चक्कर मारून या. वर आल्यावर "किती झाली?" असं विचारू नका. आपली वही उघडा आणि बसा.